रोहिणीतली अंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याचा तर यात अर्धा वाटा आहे, बिचाऱ्याला पत्ताच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही, म्हणून असेल.

हैदराबादचा उन्हाळा पाहिलाय तुम्ही? मे सरत आला की रोहिणी लागते. रोहिणी कार्तेत, म्हणजे या नक्षत्रात, दगडी उखळसुद्धा तडकतं, असं आमचे तेलुगू शेजारी म्हणतात. दुपारी अंबरपेठेतली आमची गल्ली झोपेत चालल्यासारखी वाटते. गच्चीवर आईच्या गावरान कोंबड्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या असतात. कोंबडा आरवायचंही विसरतो. त्या दिवसांत मला नेहमी वाटतं, की आपण जागे नाहीच, कुणाच्या तरी स्वप्नात फिरतो आहोत.

पण मी जागी होते. तेच तर सांगायचं आहे.

मी शहराबाहेर एका हॅचरीत कामाला आहे — अंडी उबवून पिल्लं काढण्याचं काम. उन्हाळा कोंबडीचं काय करतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ती खाणं टाकते, अंडं लहान होतं, टरफल पातळ होतं, कोंबड्याचाही जोर ओसरतो. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट — फलित अंड्यातला जीव गार जागेत झोपून असतो. ऊब लागली की तो जागा होतो. ती ऊब भलत्या वेळी लागली, फार झाली, मध्येच तुटली, तर तो तिथेच संपतो. म्हणून उबवायला बसवेपर्यंत अंडी थंड ठेवायची, उन्हात न्यायची नाहीत. गिऱ्हाइकांना हे बजावून बजावून माझा घसा बसतो.

आता वहिनीबद्दल. सुषमावहिनी, माझ्या भावाची बायको, देगलूरकडची. लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा ते पोटातच गेलं. आमचं घर विहारात जाणारं, शकुन-अपशकुन बाबांनी कधीच हद्दपार केले होते. तिला कुणी एका शब्दानं दुखावलं नाही. पण शब्दच लागतात असं कुठे आहे?

त्या उन्हाळ्यात एक कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली. तिच्याखाली अंडी मांडायचा मान नेहमी आईचा. वहिनीनं हळूच विचारलं, या खेपेला मी मांडू का? आई हसून हो म्हणाली. कामावरच्या एका बाईच्या गावाहून चांगली अंडी आणून देते, असं मी कबूल केलं. वहिनीनं टोपल्यात साळीचा भुसा घातला, त्यावर तिची जुनी मऊ साडी अंथरली. किती वेळा ती हात फिरवून बघत होती!

अंडी घेऊन निघाले ती भर दुपारी. स्कूटीच्या डिकीत ठेवलेली. वाटेत चिक्कडपल्लीजवळच्या टॉकीजपाशी तो उभा होता — आज जो माझा नवरा आहे तो. तेव्हा घरी कुणाला माहीत नव्हतं, त्यात तो तेलुगू. दहा मिनिटं बोलून निघते, असं ठरवलं होतं. मग दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. आत कसा गारवा होता म्हणून सांगू! त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी अख्खा सिनेमा पाहिला, आणि त्यातलं आज एक दृश्य आठवत नाही. स्कूटी बाहेर उन्हात होती. अंडी आठवली नाहीत का? मध्यंतरात आठवली. मी पॉपकॉर्न आणलं.

बाहेर आल्यावर डिकी उघडली. एक अंडं गालाला लावून पाहिलं, आणि कळायचं ते कळलं.

ती तिथेच टाकून द्यायची होती. दुसरी आणायची होती. पण मग उशीर का, कुठे होतीस, हे सगळं निघालं असतं — चोराच्या मनात चांदणं. घरी येऊन मी ती अंडी वहिनीच्या ओंजळीत दिली. तिचा चेहरा उजळला. “किती ऊन ऊन हैत, ताई,” ती म्हणाली.

आठवडाभरानं आम्ही बघायला बसलो. खोलीच्या खिडकीला निळी चादर लावली, मी टॉर्चवर अंडं धरलं. आतून ते संध्याकाळच्या आभाळासारखं दिसतं — लालसर, शांत. जिवंत असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसतात. आमच्या अंड्यात नुसती रक्ताची कडी होती. दुसऱ्यातही. एकेक करत सगळ्यांत तेच. वहिनीनं विचारलं, म्हणजे जीव धरला होता का? मी हो म्हटलं. तिनं अंडं माझ्या हातातून घेऊन स्वतः टॉर्चवर धरलं. मग अगदी हळू म्हणाली, “माझ्या हातानं झालं का, ताई?”

माझ्यावर फार मोठं खोटं बोलायची वेळ आली नव्हती, बघा. नुसतं “नाही” म्हणायचं होतं. मी खांदे उडवले आणि म्हणाले, “क्या की, वहिनी.”

कुणास ठाऊक! हैदराबादेत हे आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो.

आई दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, की पुढच्या खेपेला मीच मांडीन. श्रावणात आभाळ उतरलं, हवा गार झाली, आणि आईनं मांडलेली जवळजवळ सगळी अंडी फुटली. घरभर चिवचिवाट. फुटणारच होती, हात कुणाचाही असता तरी फुटली असती. घरात हे सांगू शकणारी एकटी मी होते. मी पिल्लांना कणी टाकत बसले.

पुढे आमच्या लग्नाला घरच्यांनी आनंदानं होकार दिला. लपवण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी बोलले नाही. त्या दिवसापासून वहिनी गच्चीवरची अंडी उघड्या हातानं उचलत नाही, पदराच्या टोकानं उचलते. टरफल निसरडं असतं म्हणून, असं सांगते. भाऊ तिला त्यावरून चिडवतो. मीही हसले आहे.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं नामकरण झालं. घर भरलं होतं. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं आणि वहिनी वाढपाचं बघत सारखी आत-बाहेर करत होती. शेवटी आईनंच हाक मारली, “सुषमा, घे की गं लेकराला.” वहिनी आली. माझ्यासमोर बसली. तिनं आधी दोन्ही हातांवर पदर नीट पसरला आणि मग बाळ घेतलं.

किती जपते पोरीला, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

वहिनी खाली बघत होती. “किती ऊन ऊन है, ताई,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि झबल्याची नाडी सारखी केली.