नसलेल्या गाईचं नाव

लग्नपत्रिका छापून घरात पडलेल्या आणि लग्न मात्र मोडायला आलेलं, अशी एक मुलगी बापाबरोबर नाशिक रोडच्या आमच्या ठाण्यात आली होती. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी महिला हवालदार होते. ठाण्यात बाई तक्रारदार आली की तिच्याजवळ बसायचं काम माझं. मला जास्त बोलता येत नसे, पण ऐकायला जमायचं.

मुलगी खासगी दवाखान्यात नर्स. बापाचा शेवंती-गुलाबाचा मळा. नवरामुलगा नोकरीला बंगळूरला. दोघं सायबर कॅफेत बसून एकमेकांना ई-मेल करायचे.

बाप म्हणाला, "मॅडम, पोरीच्या नावानं कोणीतरी पाव्हण्यांना कम्प्युटरवरून पत्रं धाडतंय. म्हणे, माझं दुसऱ्यावर मन हाय, मला हे लग्न नको. अन् जातंय पोरीच्याच खात्यातून! पाव्हणे म्हणतात, सोमवारपर्यंत खरंखोटं करा, नायतर आम्ही मोकळे."

मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, पासवर्ड मी आईलासुद्धा सांगितलेला नाही."

आमचे फौजदार साहेब तरुण होते. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, मेलच्या कंपनीला पत्र लिहिलं. पण उत्तर सोमवारच्या आत येणार नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. ठाण्यात तेव्हा इंटरनेट नव्हतं, म्हणून आम्ही मुलीला घेऊन ती जायची त्या कॅफेत गेलो.

साहेबांनी विचारलं, "तुझा पासवर्ड कधी चालेनासा झाला होता का?"

"हो सर, दोन-तीनदा. मला वाटलं मीच विसरले. मग इथे दाबून नवीन केला."

"दाखव बरं."

तिने दाबलं. पडद्यावर एक प्रश्न आला. उत्तर बरोबर दिलं की नवा पासवर्ड घ्यायचा. साहेबांनी प्रश्न मराठीत सांगितला: आईचं माहेरचं आडनाव काय?

मला हसू आवरेना. साहेबांसमोर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन. "साहेब, हिचं आजोळ नामपूरचं, बाप मघाशीच बोलला. ते आडनाव तिथला कांद्याचा अख्खा बाजार सांगेल!"

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की चहा यायच्या आत विचारतात, आजोळ कुठलं, मामा कोण. न सांगणारा माणूस शिष्ट ठरतो. आणि या मुलीच्या खात्याला कुलूप होतं ते तेच.

कॅफेचा मालक म्हणाला, "साहेब, प्रश्न आपल्या मनाचाही टाकता येतो."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी मुलीला विचारलं, "मळ्यात गाय आहे?"

"नाही ताई. कधीच नव्हती. बाबा म्हणतात, फुलं खाऊन टाकील."

"मग पासवर्ड नवा कर आणि प्रश्न टाक, आमच्या पहिल्या गाईचं नाव काय? उत्तर, कपिला. घरातसुद्धा कुणाला बोलू नकोस. हा प्रश्न खात्यात शिरू बघणाऱ्यालाच दिसणार. आता तुला गाईचं नाव कोण विचारतं ते बघायचं. विचारील त्याला हसून सांगायचं आणि लगेच आम्हाला फोन करायचा."

साहेबांनी टेबलावर हात मारला. "हवालदारबाई, गाय बांधली बरं का तुम्ही!"

शनिवारी सकाळी फोन आला. "ताई, गाय विचारली."

"कुणी?"

"शेजारच्या कॉलनीतल्या वहिनींनी. आमटीची वाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, मुलाला शाळेत गाईवर निबंध आहे, तुमच्या पहिल्या गाईचं नाव काय होतं गं? ताई, याच वहिनींनी मला मेलचं खातं उघडून दिलं होतं."

मी आणि दुसरी एक शिपाईबाई साध्या साडीत वहिनींच्या मागावर राहिलो. दुपारी त्या कॅफेत शिरल्या, आम्ही शेजारच्या केबिनमध्ये बसलो. थोड्या वेळाने त्यांच्या केबिनचा पडदा सरकवला. कम्प्युटरवर एका खिडकीत इंग्रजी अक्षरांत कपिला, आणि दुसरीत मुलीचं खातं उघडं.

ठाण्यात वहिनी मुळीच डगमगल्या नाहीत. "मी माझंच मेल बघत होते. चुकून उघडलं असेल."

"मग कपिला कोण?" मी विचारलं.

"यांची गाय. अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. मी स्वतः तिला चारा घातलाय!"

बाहेर बाकावर मुलीचा बाप बसला होता, त्याला आत बोलावलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"काका, तुमच्या पहिल्या गाईचं नाव काय होतं?"

तो गोंधळला. "गाय? आमच्याकडं कुठली गाय, मॅडम? कधी म्हस पण नव्हती."

वहिनींचा चेहरा उतरला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर सगळं बाहेर आलं. याच नवऱ्यामुलाने आधी वहिनींच्या धाकट्या बहिणीला बघून नकार दिला होता. गुन्हा दाखल झाला. कम्प्युटरचा आमच्या ठाण्यातला तो पहिलाच.

रविवारी पाहुणे आले. साहेबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मुलाच्या आईने मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सूनबाई, आता नवीन पासवर्ड कर. आणि तो मलापण सांगू नकोस हो!" बाप तोंड फिरवून डोळे पुसत होता. लग्न ठरल्या तारखेला झालं. ठाण्यात शेवंतीची एवढी फुलं आली की लॉकअपच्या दारालासुद्धा हार लागला.

चोर कुलूप तोडतो असं मी नोकरीभर समजत होते. या वेळी कुलूप शाबूत होतं, किल्ली आम्हीच गोड बोलून वाटत होतो. आपली माणसं वाईट नसतात, फक्त विचारणाऱ्याला नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. तेव्हापासून माझ्यासारख्या लाजऱ्या बाईलाही एक गोष्ट जमायला लागली. बँकेत आजही मला आईचं माहेरचं आडनाव विचारतात. मी खोटं सांगते. काय सांगते, ते या आठवणींच्या वहीतसुद्धा लिहिणार नाही.