लेक लालबागला, घर टांग्याला

परदेशात नोकरी लागल्याचं सांगायला माधव पेढे घेऊन सासुरवाडीला आला, तेव्हा शेवंतीच्या वडिलांनी, कोंडीरामांनी, पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "गावाचं नाव काय म्हणालात?"

"टांगा."

"घोड्याचो?"

लालबागच्या त्या चाळीत संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तिन्ही मजल्यांवर पोचली. शेवंती टांग्यात बसून आफ्रिकेला चालली, असं पोरंटोरं म्हणू लागली. माधव परळच्या एका गिरणीत फिटर होता. टांगा हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. आसपास मैलोन्‌मैल घायपाताची शेतं आणि त्या घायपाताचा वाख, म्हणजे दोरखंडांचा धागा, काढायचे कारखाने. यंत्रं तिथंही बिघडायचीच, आणि बिघडलेल्या यंत्राला माधवचा हात लागला की ते निमूट चालायला लागायचं. एवढ्या गुणावर त्याला बोलावणं आलं होतं. अठ्ठेचाळीस साली शेवंती नवऱ्यामागून आगबोटीत चढली. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

बारा दिवस बोटीवर ओकाऱ्या काढून ती उतरली ती रडवेली होऊनच. पण घर पाहिलं आणि गप्प झाली. पत्र्याचं का होईना, दोन खोल्यांचं घर, पुढं पडवी, मागं माड, आणि माडांच्या पलीकडे समुद्र. देवगडजवळच्या तिच्या आजोळाला उचलून कुणी इथं आणून ठेवलं असावं तसं. शेजारी मरियम नावाची कोळीण राहायची. तिचा नवरा होडी घेऊन जायचा, ती घरी नारळ खवायची. ज्यावर बसून खवायचं ते आसनही अगदी आपल्या आडाळीसारखं. पहिल्या दिवशी दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता. शेवंतीनं मरियमच्या हातातला नारळ घेतला, बसली आणि खवायला लागली. मरियम कमरेवर हात ठेवून हसत सुटली. ओळख झाली ती तिथंच.

पुढच्या वर्षी अंबिका झाली, तिच्यानंतर चार वर्षांनी लवू. बाळंतपणं मरियमनंच काढली. अंबिका चालायला शिकली ती वाळूत आणि पोहायला शिकली ती मरियमच्या पोरींच्या पाठोपाठ. दुपारी शेवंती हाका मारून दमायची. मग ओल्या परकरानिशी पोरगी दारात यायची, पायांची वाळू घरभर करायची आणि भात मागायची. शेवंती ओरडायची आणि वाढायची. टांग्यातले दिवस असे जात.

भाषेचा मात्र घोळ होता. घरात मराठी, मरियमकडे स्वाहिली, आणि हिंदुस्थानी माणसांच्या मुलांसाठी जी एक शाळा होती तिथं शिकवणं गुजरातीतून. मरियमच्या भाषेत आईला म्हणायचं मामा आणि थोरल्या बहिणीला म्हणायचं दादा. लवू बोलायला लागला तो अंबिकेला "दादा" म्हणतच. शेवंती त्याला सांगायची, "अरे, ताई म्हण, ताई." तो ऐकून घ्यायचा आणि "दादा" करत तिच्यामागे पळायचा.

संध्याकाळी दिवा लावला की शेवंती पोरांना लालबाग सांगायची. गिरणीचा भोंगा कसा वाजतो, आजी सुंदराबाई वीस माणसांची खानावळ कशी चालवते, गणपतीत चाळ कशी जागी असते. पोरांना लालबाग म्हणजे गोष्टीतलं नगर वाटायचं.

छप्पन सालच्या फेब्रुवारीत पत्र आलं. अक्षर वडिलांचं नव्हतं, शेजारच्या रामूचं होतं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरल्यावर जानेवारीत शहर पेटलं. लालबागमध्ये गोळीबार झाला. खालच्या मजल्यावरचा धोंडू, शेवंतीच्या बरोबरीनं वाढलेला, दूध आणायला म्हणून उतरला आणि परत आला नाही. बाबांच्या हाताला लाठी लागलीय, लिहिता येत नाही, पण काळजी करू नकोस. शेवंती पडवीत बसून ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली. अंबिका जवळ येऊन उभी राहिली.

"आई, लालबाग वाईट आहे का गं?"

शेवंतीनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "नाही गं बाई. आपलं आहे."

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती दोन्ही पोरांना घेऊन मुंबईला आली. आठ वर्षांत साठलेली रजा बायकोपोरांनी घ्यावी, असं माधव हसत म्हणाला होता. चाळीत आल्या आल्या लवूनं सुंदराबाईंना "मामा" अशी हाक मारली आणि बहिणीला "दादा". सुंदराबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हो झील काय बोलता गो?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेवंतीही हसली, पण तिला ते लागलं.

खरं लागलं ते पुढं. कोंडीरामांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. सकाळी गॅलरीत बसून ते वर्तमानपत्र वाचायचे आणि आजूबाजूचे चारजण ऐकायचे. त्यांनी अंबिकेला मांडीशी बसवलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं. "वाच बघू." पोरगी अक्षरांकडे बघत राहिली. अडखळत दोन अक्षरं तिनं गुजराती वळणानं लावली, तिसऱ्याला थांबली. कोंडीरामांनी पेपर घडी करून ठेवला. चिडले नाहीत. फार हळू बोलले.

"भाषेपायी हंयसर माणसां मेली, शेवंते. आणि माझ्या नातीक आपलां अक्षर वाचूक येना नाय."

ते वाक्य घरात राहायला आलं. शेवंती भाकऱ्या थापायची, खानावळीच्या माणसांना वाढायची, आणि ते वाक्य तिच्या शेजारी बसलेलं असायचं. शेवटी सुंदराबाईच म्हणाल्या, "ठेव तिला माझ्यापाशी. चार यत्ता इथं होऊ देत. जावयांचा करार संपला की तू येणारच आहेस." माधवचं पत्र आलं. तुला योग्य वाटेल ते कर, असं त्यानं लिहिलं होतं. शेवंतीला त्याचा रागच आला. नको म्हणाला असता तर तिला किती बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीत बोट निघाली. धक्क्यावर अंबिका रडली नाही. आजोबांचं बोट धरून उभी होती. सात वर्षांची पोर.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"थोडेच," शेवंती म्हणाली. तोंडाला आलं ते ती बोलून गेली. लवूनं मात्र बोटीच्या कठड्याला धरून "दादा! दादा!" असा टाहो फोडला. धक्का दिसेनासा झाला तरी तो थांबला नाही.

टांग्याला घर तेच होतं, समुद्र तोच होता. शेवंती सवयीनं चार ताटं मांडायची आणि एक उचलून ठेवायची. दुपारी मरियमच्या तिघी पोरी पाण्यावरून यायच्या, त्यांच्यात ती चौथीला शोधायची. अंबिकेचा एक परकर तिनं धुऊन दोरीवर घातला, वाळल्यावर घडी केला, आणि पंधरा दिवसांनी काही कारण नसताना पुन्हा धुतला. मरियमनं ते पाहिलं. ती येऊन शेजारी बसली आणि तिनं शेवंतीच्या हातातली बादली काढून घेतली.

दर पंधरवड्याला निळं हवाई पत्र यायचं. आधी आडवीतिडवी अक्षरं: "आई, इथे घरामागे समुद्र नाही. आई, तू कधी येणार." मग अक्षर सुधारत गेलं. आजोबांबरोबर सभेला गेले, असं येऊ लागलं. घोषणा कोणत्या दिल्या ते येऊ लागलं. दुसऱ्या वर्षी एका पत्रात अंबिकेनं आईच्याच पत्रातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या. शेवंतीनं ते पत्र माधवला अभिमानानं वाचून दाखवलं. आणि तिसऱ्या वर्षी पत्र आलं ते असं: "तीर्थरूप आईस, अंबिकेचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पावले. तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा आहे."

"शाळेत शिकवलं असेल असं लिहायला," माधव म्हणाला.

"असेल," शेवंती म्हणाली. पण ते पत्र तिनं कुणाला वाचून दाखवलं नाही.

साठ सालच्या एप्रिलमध्ये ती लवूला घेऊन परत आली. जूनच्या बोटीनं तिघांनी परत जायचं ठरलं होतं. परतीची तिकिटं काढलेलीच होती. धक्क्यावर कोंडीरामांच्या शेजारी एक उंच, दोन वेण्यांची मुलगी उभी होती. तिनं वाकून शेवंतीच्या पायाला हात लावला.

"आई, तुम्ही दमल्या असाल. सामान मी घेते."

शेवंतीला हुंदका आवरेना. लोकांना वाटलं, आनंदानं रडते आहे.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला चाळीनं गॅलरीभर पणत्या लावल्या. मुंबई महाराष्ट्राला मिळाली होती. धोंडूची आई दाराशी बसली होती, तिच्या पुढ्यात कुणीतरी पेढे ठेवले होते. कोंडीरामांनी अंबिकेला स्टुलावर उभं केलं आणि तिनं अख्ख्या चाळीला पेपर वाचून दाखवला. खणखणीत, न अडखळता. कोंडीराम डोळे मिटून ऐकत होते. शेवंतीला वाटलं, आपण दिलं ते बाबांना पोचलं. आणि त्याच क्षणी वाटलं, आपल्याकडे काय उरलं?

पुढच्या रविवारी ती दोन्ही पोरांना घेऊन दादरच्या चौपाटीवर गेली. लवू कपड्यांनिशी पाण्यात घुसला. अंबिका कोरड्या वाळूत उभी राहिली, तिघांच्या चपला हातात धरून.

"जा ना," शेवंती म्हणाली. "माशासारखी पोहायचीस."

"नको. तुम्ही जा."

"अंबे, मला तुम्ही का म्हणतेस गं? मी परकी आहे का?"

चपला वाळूत आपटून ती वळली.

"पहिलं वर्षभर आजोबा मला दर रविवारी इथं आणायचे. मी विचारायचे, टांगा कुठल्या बाजूला? ते हात करायचे. मी पाण्यात गुडघाभर जाऊन तिकडे बघत बसायचे. संध्याकाळ झाली की ते मला ओढत न्यायचे. मग एकदा मीच म्हटलं, मला आणू नका आता." तिचा आवाज चिरकला. "थोडेच दिवस म्हणाली होतीस तू! मी बोटांवर मोजत होते. तू लवूला नेलंस आणि मला ठेवलंस!"

शेवंतीनं हात पुढं केला, तो अंबिकेनं झिडकारला. पुन्हा केला, पुन्हा झिडकारला. तिसऱ्यांदा पोरगी तिच्या अंगावर कोसळली आणि सात वर्षांची असताना धक्क्यावर रडली नव्हती ते सगळं रडली. शेंगदाणेवाला थांबून बघून गेला.

घरी परतताना शेवंतीनं विचारलं, "जूनमध्ये येशील ना माझ्याबरोबर?"

अंबिका म्हणाली, "येईन." थोड्या वेळानं म्हणाली, "आजीला पहाटे चूल मीच पेटवून देते. माझी चौथीची परीक्षा आहे पुढल्या वर्षी. पण तू म्हणशील तर येईन."

शेवंती तीन रात्री नीट झोपली नाही. एकदा उपटून लावलेलं रोप आता इथं धरलं होतं. ते पुन्हा उपटायचं तर तिच्याच हातांनी. चौथ्या दिवशी तिनं माधवला पत्र लिहिलं, की मी येत नाही. दोन्ही मुलं इथंच शिकतील आणि मी त्यांच्यापाशी राहीन. तुम्ही करार पुरा करून या. लिहिताना शुद्धलेखनाच्या किती चुका झाल्या देव जाणे. अंबिकेला दाखवायचा धीर झाला नाही.

उत्तर यायला महिना लागला. तोवर बोट गेली होती. माधवनं चारच ओळी लिहिल्या होत्या. बरं केलंस. भात करपतो, पण खातो. मरियम मधूनमधून मासे आणून देते. मागचं दार उघडं टाकलं की तुझा आवाज येईल असं वाटतं.

सुंदराबाईंचे पाय थकत चालले होते. खानावळ शेवंतीनं हातात घेतली. पहाटेपासून डब्यांची घाई, दुपारी दुसऱ्या पाळीची माणसं, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. दिवस भरलेला असायचा. पण नारळ खवायला बसली की तिचा हात आपोआप थांबायचा. मरियमला लिहिता येत नव्हतं आणि शेवंतीला मरियमची भाषा बोलता यायची तेवढीच. नवऱ्याचं पत्र येई, बहिणीसारख्या त्या बाईचं कधी येणार नव्हतं. इथं असताना टांगा, टांग्याला असताना लालबाग. आपल्या जिवाला एका जागी बसायची सवयच राहिली नाही, असं ती एकदा आईला म्हणाली. सुंदराबाई म्हणाल्या, "बाईच्या जिवाला कुणी जागा विचारूनच देत नाही गो. बसवतील तिथं बसतो तो."

माधव आला बासष्टच्या हिवाळ्यात, केस पिकून, अंगात सैल झालेला कोट घालून. लवू लाजून आजोबांच्या मागं लपला. अंबिकेनं पाणी आणून दिलं. जेवायला बसल्यावर शेवंतीनं प्रकृतीचंही न विचारता आधी विचारलं, "मरियम कशी आहे हो?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. मरियमच्या थोरल्या पोरीचं लग्न झालं. होडी नवी घेतली. आपल्या घरात आता एक गोव्याचं कुटुंब राहतं, त्यांची तीन पोरं दिवसभर पाण्यातच असतात. शेवंती ऐकत होती. "आणखी?" ती म्हणाली. "आणखी सांगा."