न निंदलेला पट्टा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला नागपूरच्या एका संशोधन प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली, आणि काम मिळालं ते गवत वाढू देण्याचं.

प्रयोगशाळेत एक यंत्र तयार होत होतं. पिकात कॅमेरा फिरवायचा, त्यानं सोयाबीन कोणतं नि तण कोणतं हे ओळखायचं, आणि फक्त तणावरच फवारा मारायचा. पण कॅमेऱ्याला ओळखायला शिकवायचं तर त्याला फोटो दाखवावे लागतात, तेही एकाच जागेचे, दर आठवड्याचे, काळ्या जमिनीतले. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी आम्हा इंटर्नना विचारलं, "कुणाच्या घरी सोयाबीन आहे?" प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर गेला होता. माझा स्वभावच तसा. आधी हात वर होतो, डोकं मागून येतं.

आमचं शेत वाशिमजवळच्या रिठदला, रिसोडच्या रस्त्याला लागून. मॅडमची गाडी एकदा येऊन गेली, आणि गाडीतून उतरल्याबरोबर हाताशी लागतील असे रस्त्याकडेचे चार पट्टे आम्ही आखले. एक हातानं निंदायचा, म्हणजे खुरपायचा, एकात नुसता बैलांचा डवरा फिरवून कोळपायचं, एकावर तणनाशक मारायचं, आणि चौथ्याला कुणी हातच लावायचा नाही. हा चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. बाकीच्या तिघांत किती फरक पडला हे त्याच्याशी ताडूनच कळणार होतं. बारा आठवडे, दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता, प्लॅस्टिकच्या पाइपाची चौकट खुंट्यांवर टेकवायची, ठरलेल्या उंचीवरून फोटो काढायचा, आणि घरी येऊन लॅपटॉपवर त्यातल्या रोपारोपाला नाव द्यायचं. बारा आठवड्यांनी नागपूरला आढावा होता. ज्याचं काम पूर्ण, त्याला पुढे प्रयोगशाळेतच ठेवून घेणार होते.

मला ती जागा हवी होती. उगाच संकोच कशाला करू, फार हवी होती. बाबांचं म्हणणं होतं की मी बँकेच्या परीक्षेला बसावं. मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "हे काम जमलं नाही तर मी स्वतःहून फॉर्म भरीन."

आता आईबद्दल सांगते. गावात निंदणाला बाया निघाल्या की आधी विचारतात, ती येणार आहे का. ती पुढे असली की बाकीच्यांचा हात आपोआप चालतो. तिनं निंदलेल्या ओळीत मागून कुणी गवताची काडी दाखवावी, अशी पैजच लागते. अशा बाईच्या शेतात, ऐन रस्त्यावर, मी तण राखलं होतं.

पहिले चार आठवडे ती काही बोलली नाही. मग केना पसरला, कुंजरू वर आला, लव्हाळा तर होताच. रस्त्यानं जाणारा मोटारसायकल थांबवायचा आणि एक पाय टेकवून विचारायचा, "काहून वो, बाया भेटत नाई काय निंदाले?" आई डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि म्हणायची, "पोरीचं शाळेचं हाय थे." मी तिला दर वेळी सांगायचे, शाळेचं नाही, संशोधन आहे. ती म्हणायची, "तुह्यं संशोधन तुह्या जवळ. लोकं माह्यं नाव घेऊन राह्यले."

आठवा मंगळवार झाला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या आणि जवळच्याच मालेगावहून मामा-मामी जेवायला यायचे होते. त्याच दिवसांत कॅमेऱ्याचा स्टँड ढिला झाला म्हणून मला नागपूरला जावं लागलं. चार दिवसांनी परतले. एसटीतून उतरले तेव्हा शेत डाव्या हाताला होतं. पाहिलं, पुन्हा पाहिलं. चौथा पट्टा कुठे संपतो आणि निंदलेला कुठे सुरू होतो, ते ओळखता येईना.

माझ्या चार खुंट्या तेवढ्या जागच्या जागी होत्या. त्यांच्यामधली जमीन स्वच्छ, मोकळी, ओळीत उभं सोयाबीन. निंदलेलं गवत बैलापुढे टाकूनही झालं होतं.

आई घरात पुरणाची डाळ निवडत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"कोनं निंदलं?"

"म्या," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा खुललेला होता, तेच मला जास्त लागलं. "मामा येनार हाय. म्हटलं, आठ हप्ते तर झाले तुह्ये फोटो. आता किती दिवस ठेवाचं?"

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पण एक वाक्य लिहिते, कारण ते मी विसरू शकले नाही: "तुले गवत उपटन्याशिवाय येते काय दुसरं?"

आईनं डाळीतून हात काढला. म्हणाली, "नाई येत." आणि पुन्हा निवडू लागली. पुरण झालं, महालक्ष्म्या जेवल्या, मामानं शेत पाहून बहिणीचं तोंडभर कौतुक केलं. मी माडीवर लॅपटॉप उघडून बसले होते, आणि उघड्या लॅपटॉपवर काहीच करत नव्हते.

नवव्या मंगळवारी मी चौकट घेऊन निघाले खरी, पण आमच्या शेतात गेले नाही. शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या एका न निंदलेल्या तुकड्यात गेले. तिथे केना होता, लव्हाळा होता, जमीन तीच काळी. नागपूरला कोण ओळखणार होतं? मी चौकट टेकवली, स्टँड लावला, फोटो काढला. पडद्यावर पाहिला तर झकास आला होता. आठव्याच्या शेजारी ठेवला असता तर आठवड्याभरात तण जेवढं वाढावं तेवढंच वाढलेलं वाटलं असतं. मी तिथेच धुऱ्याच्या बांधावर बसले. दोन-तीन दिवसांपूर्वी मी आईला म्हटलं होतं की तुझ्यापायी माझं काम वाया गेलं. आता हा फोटो पाठवला तर काम वाया घालवणारी मीच ठरणार होते, आणि वर आईला बोलून बसले होते ते निराळंच. मला माझीच लाज वाटली. फोटो पुसला आणि आमच्या स्वच्छ पट्ट्याचा काढून पाठवला.

मग बाराव्यापर्यंत तसेच पाठवत राहिले. ते आता कुणाच्या उपयोगाचे नव्हते, पण मंगळवार चुकवायचा नाही एवढा हट्ट धरला.

आढाव्याला मी उभी राहिले. पडद्यावर चौथ्या पट्ट्यातल्या तणाची रेघ आठ आठवडे चढत गेली होती आणि नवव्याला थेट तळाला आली होती. समोरच्या एका सरांनी विचारलं, हे काय झालं? मी म्हटलं, "माझ्या आईनं निंदलं."

खोलीत हशा पिकला. त्यात वाईट काही नव्हतं, मीही दुसऱ्याचं ऐकून हसले असते. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"का निंदलं?"

"पट्टा रस्त्यावरून दिसत होता. पाहुणे येणार होते."

"मग रस्त्याकडेला का घेतला आपण?"

"गाडी तिथपर्यंत जाते म्हणून."

"आपली गाडी," मॅडम म्हणाल्या. "आईंना विचारलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मी सांगण्याचं नाही विचारत."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मीही नाही विचारलं. तू अहवालात हे कारण जसंच्या तसं लिही."

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिचं काम पूर्ण होतं, त्यात तक्रारीला जागाच नाही. निघताना मॅडम म्हणाल्या की चौकट आणि कॅमेरा माझ्याकडेच राहू दे. रब्बीत हरभऱ्यावर बाराच्या बारा आठवडे पूर्ण करून आणले तर पुन्हा विचार करता येईल. शब्द मात्र दिला नाही. वाशिमपर्यंतच्या एसटीत मी ठरवून टाकलं की हे करायचंच.

बाबा म्हणाले, "आता भर फॉर्म." मी भरला. बोलले होते, तेव्हा भरणं भाग होतं. पण त्यांना सांगितलं, "हरभरा निघेपर्यंत अभ्यासाचं विचारू नका." ते म्हणाले, "एक डाव फसली तरी हौस फिटली नाई वाटते." मी म्हटलं, "नाई फिटली."

आईशी बोलायला मात्र मला तीन दिवस लागले. तव्याजवळ बसलेली होती, भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावर बसले.

"माय, हरभऱ्यात एक पट्टा सोडशील काय मले? निंदाचा नाई, असा. तू नाई म्हटलं तरी चालते."

नाही म्हणाली असती तर चाललं नसतं, हे तिलाही कळत होतं. पण यंदा मी विचारत होते, तेही तिला कळलं असावं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"कोठं?"

"आतमंदी, बाभळीच्या मांगं. रस्त्यावरून दिसनार नाई."

तिनं भाकरी उलटली. "थ्या बाभळीखाली जमीन चिबाड. पीक कायी येत नाई, अन् गवतही येत नाई. रस्त्यावरच घे."

"लोकं बोलतीन ना मंग."

"बोलू दे. आतमंदी लपवाले आपून काय चोरी करून राह्यलो?"

दिवाळीच्या सुमारास पेरणी झाली. खुंट्या तिनंच ठोकल्या, माझ्यापेक्षा सरळ. एका जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून त्यांना बांधल्या, कारण निंदणाला येणाऱ्या बायांचा हात चुकून चालायचा. पहिल्याच दिवशी त्यांना दम दिला, "इथं कोनी इळा लावसान तं माह्याशी गाठ हाय." बाया हसून लोटपोट झाल्या. जिच्या मागे त्या काडी शोधायच्या, ती आता तणाची राखण करत होती.

सोपं नव्हतं तिला. चौथ्या आठवड्यात चंदनबटवा असा कोवळा लुसलुशीत आला की ती पट्ट्याशी उकिडवी बसून नुसती पाहत राहायची. "इतकी भाजी वाया जाऊन राह्यली," असं मला चार वेळा ऐकवलं, पण पान तोडलं नाही. बोलता बोलता तिचा हात तणाकडे जायचा आणि अर्ध्यातून मागे यायचा. मग ती तो हात मांडीखाली दाबून बसायची. मी ते पाहायचे आणि चौकटीच्या खुंट्या उगाच तपासत राहायचे. त्या दिवशी बोलले त्याबद्दल माफी मागायचं दर मंगळवारी ठरवायचे, आणि दर मंगळवारी फोटो काढून परत यायचे.

सातव्या आठवड्यात मामा मालेगावहून आला. गाडी रस्त्यावरच लावली आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. "हे काय व, बाई? तुह्या वावरात?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलली. "थे पोरीचं काम हाय. आधी बाकीचं वावर पाह्य, मंग बोल." मामानं बाकीचं वावर पाहिलं. तिथे बोलायला काही नव्हतं.

बारा आठवडे पूर्ण झाले. पुढे ते काम नागपूरला मान्य झालं, मला जागा मिळाली, आणि आज मी तिथूनच हे लिहिते आहे. पण त्या हिवाळ्यातलं मला आठवतं ते नागपूरचं पत्र नव्हे. मला आठवतो तो बारावा मंगळवार.

शेवटचा फोटो काढला की चौकटीतलं तण मुळासकट उपटून, जातवार वेगळं करून तोलायचं, असं ठरलेलं होतं. आई सकाळपासून माझ्याबरोबर होती. इळा कमरेला खोचलेला. मी फोटो काढला, नीट आला का ते पाहिलं, स्टँड बाजूला केला आणि पिशव्या उघडून ठेवल्या. तण गुडघ्याला लागत होतं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

ती चौकटीशी बसली. इळा काढला, डाव्या मुठीत लव्हाळ्याचा बुडखा धरला. आता सपासप चालणार म्हणून मी पिशवी पुढे केली. पण हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काढू?"

आपल्याच वावरातलं गवत उपटायला जिनं जन्मात कुणाची परवानगी घेतली नाही, ती मला विचारत होती. जवळपास पाच महिने जे बोलायचं राहिलं होतं ते तेव्हाही धड बोलता आलं नाही. मी तिच्या शेजारी मातीत बसले.

"काढ, माय," मी म्हटलं. "मलेही शिकव."