मोठं हब अडवणाऱ्या वनिताताई

फोन आला तेव्हा मी नागपुरात सदरच्या ऑफिसात हैदराबादच्या गाड्यांचं नवं वेळापत्रक लावत होतो. फोनवर प्रकाशराव होते, वनिताताईंचे यजमान. आवाज अगदी शांत. "श्रीकांत, सकाळी गेली ती. दुपारी येशील ना?" हो म्हणालो, फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याकडे बघत बसलो... गाडी सकाळी सोडायची की संध्याकाळी, हे मी दुसऱ्या दिवशी वनिताताईंनाच विचारणार होतो. त्याला आता पाच आठवडे झाले.

वनिता पराते हे नाव आमच्या पार्सल कंपनीबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही सुरतेहून मागवलेली साडी घरी पोचते, तेव्हा ती वाटेत कोणत्या शहरात उतरली आणि कोणत्या गाडीत चढली याचा कुणी विचार करत नाही. पण ते कुणीतरी ठरवलेलं असतं. चारी दिशांनी आलेली पार्सलं जिथे उतरवून, गावांप्रमाणे वेगळी करून पुढे पाठवतात, त्या केंद्राला आम्ही हब म्हणतो. देशात हब कुठे असावीत याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. नागपूरजवळच्या उमरेडच्या विणकर घरातल्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्या आणि नोकरी मिळाली ती आमच्या बुकिंग काउंटरवर. चार वर्षं त्यांनी पार्सलं वजनकाट्यावर चढवली आणि उतरवली. मग त्यांची बदली योजना विभागात झाली. तिथे आम्ही सगळे पार्सल संगणकावरून ओळखणारे. त्यांनी ते हातांनी उचललेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात माझा एक तक्ता त्यांच्या हातात पडला. "ही गाडी सगळीकडं एकाच वेगानं जाते, असं कोणी सांगितलं तुले?" मी म्हणालो, सॉफ्टवेअर तसंच धरतं. "सॉफ्टवेअर बसलं होतं का गाडीत?" मला राग आला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला रायपूरच्या ट्रकमध्ये बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मांडीवर वही. गाडी नाक्यावर थांबली की वेळ लिहायच्या, चढावर मंदावली की लिहायच्या, चालक चहाला उतरला की किती वेळ आणि का उतरला, तेही लिहायच्या. संध्याकाळी रायपुरात उतरलो तेव्हा माझी पाठ मोडली होती आणि माझ्या तक्त्याचं काय झालं असेल, हे कुणी सांगायची गरज उरली नव्हती. "आता तक्ता पुन्हा कर," एवढंच म्हणाल्या.

काही वर्षांनी मुंबईच्या हेड ऑफिसने ठरवलं की, सगळ्या देशासाठी एकच भलंमोठं हब बांधायचं आणि ते नागपूरला. आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. नागपूर देशाच्या मध्यावर, तेव्हा हे व्हायचंच होतं, असं जो तो म्हणत होता. किती जणांना नोकऱ्या लागतील, कुणाला बढती मिळेल, याच्या गप्पा रोज चालायच्या. मला त्या हबचा उपव्यवस्थापक करतील असं साहेब स्वतः बोलले होते. त्या भरवशावर मी शहराच्या कडेला, बेसाला फ्लॅट नक्की केला, आईने तर देवघर कुठे येईल ते ठरवूनही टाकलं. वनिताताईंकडे काम दिलं होतं ते फक्त जागा निवडण्याचं. शहराच्या दक्षिणेला घ्यायची की उत्तरेला, एवढंच. त्यांनी सहा आठवडे मागून घेतले आणि सहा आठवड्यांनी अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, एवढं मोठं हब नागपूरला बांधू नये.

मी तो कँटीनमध्ये वाचला आणि तिथेच त्यांना गाठलं. माझा आवाज चढला होता, आजूबाजूचे जेवायचे थांबले होते. म्हणालो, "ताई, तुम्ही नागपूरच्या आहात ना? मुंबईवाले देतायत आणि तुम्ही नको म्हणता?"

"बस अगोदर," त्या म्हणाल्या. मी बसलो नाही. "सुरतचा माल जयपूरले जाऊन राहिला, तर तो नागपूरले काहून यावा? भिवंडीचा माल दिल्लीले जाते, त्याले इकडं आणून दोन दिवस काहून घालवा? नकाशाचा मध्य इथं हाय, श्रीकांत. मालाचा मध्य इथं नाही. तीन हब पाहिजेत. त्यातलं एक आपलं, मध्यम. तेवढा माल खरंच इथून जाते."

"मध्यम हबमध्ये आमचं काय होणार?"

त्यांनी डबा बंद केला. मग हळू आवाजात जे सांगितलं, ते त्यांनी ऑफिसात आधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही सांगितलं नाही. त्यांचे बाबा हातमागावर लुगडी विणायचे. त्या शाळेत होत्या तेव्हा गावापासून लांब यंत्रमागाची मोठी शेड उभी राहिली. ती तिथे का, तर कुणातरी वजनदार माणसाची जमीन तिथे होती. तिथवर सूत आणणं महाग, कापड नेणं महाग. पण शेड मोठी, पत्रे चकचकीत, पगार महिन्याचा. बाबांनी घरातला माग मोडला आणि तिथे लागले. तीन वर्षांत शेड बंद पडली. "माग गेला होता, आता शेडही गेली. बाबा मंग इतवारीत कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलाले लागले. तू मले विचारून राहिला ना, नागपूर नको का? नागपूर पाहिजे म्हणूनच सांगून राहिली. चुकीच्या जागी मोठं बांधलं तर ते बंद होते. अन् बंद झालं का मुंबईवाले मुंबईत राहतात."

मला ते पटलं का? नाही. मी तेव्हा फ्लॅटचा विचार करत होतो. साहेबांनी मोठ्या हबच्या बाजूने एक टिपण लिहायला सांगितलं, ते मी लिहिलं आणि खाली सही केली. हे इथे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते गाळून वनिताताईंविषयी लिहिता येणार नाही.

मुंबईच्या बैठकीत दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. मोठे साहेब हसून म्हणाले, "मॅडम, नागपूरचाच माणूस तुमच्या विरोधात आहे." वनिताताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "सर, आम्हा दोघांचंही ऐकू नका. बांधण्याआधी भाड्याच्या गोदामात दोन महिने चालवून बघा. सगळा माल नागपूरवरून न्या. चाललं, तर मी माझा अहवाल मागे घेते." मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा चाळले. मग होकार दिला.

वर्धा रोडवर एक जुनं गोदाम घेतलं, आणि तिथल्या कामाची जबाबदारी वनिताताईंनी स्वतः मागून घेतली. आम्हाला वाटलं, आता या बाई मुद्दाम घोळ घालणार. मी त्यांच्यावर लक्षच ठेवून होतो. आणि मला दिसलं ते भलतंच. त्या सकाळी सातला हजर असायच्या. कोणता दरवाजा कोणत्या दिशेच्या गाडीला, हे त्यांनी तीनदा बदललं, प्रत्येक वेळी काम थोडं जलद झालं. हमाल कमी पडले तर स्वतः पार्सलं सरकवणाऱ्या पट्ट्याशी उभ्या राहिल्या. एकदा न राहवून मी विचारलं, "ताई, हे चालावं म्हणून तुम्ही एवढं का करताय? बंद पडलं तर तुमचंच खरं ठरेल."

"मी हयगय केली अन् ते बंद पडलं, तर काय समजलं मंग?" त्या घाम पुसत म्हणाल्या. "माझं खोटं ठरलं तरी चालते गा. पण ठरलं पाहिजे बरोबर."

पाचव्या आठवड्यात गोदामाबाहेर गाड्यांची रांग लागली. सुरतेचा माल जयपूरला पोचायला आधीपेक्षा जास्त दिवस लागू लागले, गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. वनिताताईंनी जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, तरी रांग हटली नाही. दोन महिने संपले आणि हेड ऑफिसने तीन हबांचा निर्णय घेतला. नागपूरला मध्यम आलं. उपव्यवस्थापकाचं पद आलंच नाही. ऑफिसात कित्येक महिने वनिताताईंशी कुणी धड बोलत नव्हतं. एकाने तर त्यांच्या तोंडावर "घरभेदी" म्हटलं. मी तिथेच होतो, संगणकात डोकं घालून बसलो. त्या जाग्यावर जाऊन बसल्या आणि नव्या हबचा आराखडा काढू लागल्या.

ते हब अजून चालू आहे. पहिल्या वर्षी लागलेल्या माणसांपैकी कुणालाही घरी बसावं लागलेलं नाही. पुढे आमच्यासारख्याच एका कंपनीने दुसऱ्या एका शहरात अवाढव्य हब बांधलं आणि काही वर्षांत त्याला कुलूप लावलं, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये ती बातमी सगळ्यांनी वाचली. मी वनिताताईंसाठी चहा घेऊन गेलो. माफी मागायची होती, पण चहा ठेवून परत आलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कर्करोगाचं निदान झालं. औषधाचे दिवस सोडून त्या कामावर येतच राहिल्या, डोक्याला रुमाल बांधून. कुणी कीव केली की विषय बदलायच्या. शेवटचं त्यांच्या प्रतापनगरच्या घरी भेटलो, तेव्हा उशाला टेकून बसल्या होत्या, हात काडीसारखे झालेले. मी मनाशी ठरवून गेलो होतो. म्हणालो, "ताई, ते टिपण मी लिहायला नको होतं..." त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही.

"लिहिलं ते बरं केलं. दोन कागद होते म्हणून गोदाम भेटलं. एकच असता तर फेकून दिला असता त्यांनी." मग जरा दम खाऊन, "जबलपूरची गाडी काहून उशिरा येऊन राहिली, ते पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, फोन करून सांगितलं. तेच आमचं शेवटचं बोलणं.

गेल्या सोमवारी मी हबवर गेलो. तिथे चालकांसाठी एक खोली आहे. वनिताताईंनी ती आराखड्यात घातली तेव्हा वरून दोनदा काट मारून आली होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी ती पुन्हा आखली होती. चार खाटा, मोठी खिडकी, पाण्याचा माठ, लांब बाक. दर सोमवारी वनिताताई त्या बाकावर बसून चालकांचं ऐकून घेत असत. मी सहज डोकावलो. नांदेडच्या गाडीवरचा एक चालक उठून उभा राहिला. मधले आठवडे तो दुसऱ्या मार्गावर होता.

"साहेब, मॅडम काहून नाही आल्या? त्यांनी मले सांगितलं होतं, रस्ता कुठं कुठं फुटला ते लिहून ठेव. मी ठेवलं." त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले.

मी त्याला सांगितलं. कागद हातातच धरून तो खिडकीतून गाड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग हे आता कोणाले देऊ?"

"मले दे," मी म्हणालो.

त्याने ते लगेच दिले नाहीत. बाकावर मला जागा करून दिली, कागद उलगडले. "बसा. वाचून दाखवतो. माझं अक्षर मॅडमलेच लागे." मी पेन काढलं. तो एकेक ठिकाण वाचत गेला, आणि मी लिहीत गेलो.