गच्चीवरून हाक

“ओ मास्तर! ह्या पावण्यांच्या टीव्हीवर चित्र आलं का बघा की!” आमच्या गच्चीवरून डिशवाला माझ्याकडं बोट करून ओरडला.

पेठेतल्या निम्म्या डिश ह्यानंच बसवल्यात. हा नुसता कुजबुजला तरी तिकडं कळंब्याच्या जेलात कैदी हजेरीला उभे राहतात. सॅटेलाइट हा शोधत नाही; तोच मान वळवून ह्याच्याकडं बघतो.

त्यानंच धरायला लावलेला डिशचा पाईप धरून मी थिजलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. आमचा टीव्ही दिसत होता तो शेजारच्या मास्तरांच्या खिडकीतून, आणि त्यांच्याशी गटारीवरून आमचा कैक वर्षांचा अबोला.

“न्हाय! जरा डावीकडं!” खिडकीतून मास्तर ओरडले. मग थेट मला म्हणाले, “आलं ओ, आलं! या खाली, चहा टाकतो.”

चहा पिऊन आल्यावर मी डिशवाल्याला विचारलं, “आमचा अबोला तुम्हाला माहीत नव्हता?”

“हुता की. म्हणून तर तुमास्नी पाईप धराय लावून वर अडकवलं.”