ट्रे कोणी उचलायचा

आमच्या गावात कोणी कोणाला नुसतं चहाला बोलावत नाही. दारावरून जाणाऱ्याला हाक मारतात, तो ओटीवर टेकतो, पितो आणि जातो. दिवस ठरवून चहाला बोलावतात ते एकाच कामासाठी, मुलगी बघायला. म्हणून कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "रविवारी आईला घेऊन सावंतवाडीला घरी ये, दुपारचा चहा घेऊ, तुझ्या एम. ए.चंही बोलू," तेव्हा हे घरी कसं सांगावं तेच मला कळेना. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुढे शिकायला कोल्हापूरला जायचंय, हे तर मी अजून बोललेच नव्हते.

शेवटी सांगून टाकलं, तशी आईने विळीवरून मान वर केली. "चायेक? तेंच्या घरात चाय पिऊक माणसां नाय?"

"शिक्षणाचा बोलाचा आसा म्हणाले."

"झील आसा तेंका?"

"माका काय म्हायत!" मॅडमना मुलगा आहे का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आई विळी मिटून उठली आणि म्हणाली, "जाव या."

इतक्या सहज ती कशालाच हो म्हणत नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मावशी महिनाभर फोनवर सावंतवाडीच्या एका स्थळाबद्दल सांगत होती. मॅडमच्या निमित्ताने आई ते उरकून घेणार असेल तर? शनिवारी संध्याकाळी तिने पिशवीत दोन नारळ घातलेले पाहिले आणि माझी खात्रीच पटली. बोलणी पक्की झाली की आमच्याकडे नारळ देतात.

रविवारी नांदगावच्या फाट्यावरून कणकवलीला आलो, तिथून सावंतवाडीची एसटी धरली. आईने खिडकी घेतली. ओरोस येईपर्यंत ती बाहेरच बघत होती. मध्येच माझी ओढणी नीट केली, तेव्हा मला आणखीच वाईट वाटलं. कुडाळच्या स्टँडवर ती पाणी भरायला उतरली आणि मी पिशवी चाचपली. नारळ नव्हते. त्यांच्या जागी कोकमाच्या सोलांची पुडी होती.

"नारळ खंय गेले?" ती आल्यावर मी विचारलं.

"जड होतले."

नारळ जड होतात म्हणून आई कधी मागे ठेवून आलेली मी पाहिली नव्हती. मला काहीच समजेना.

मॅडमचं घर सावंतवाडीच्या तळ्यापासून जवळच. बाहेरच्या खोलीत पुस्तकं, वेताच्या खुर्च्या, आणि एका खुर्चीत एक तरुण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. "हा माझा मुलगा," मॅडम म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. टेबलावर बशा मांडल्या होत्या आणि त्यांत पोहे! आता माझा मॅडमवरचाही विश्वास उडाला.

आई सरकारी कचेरीत बोलते तसं जपून बोलू लागली. "तुमचा मुलगा काय करतो? सगळ्याच विद्यार्थिनींना बोलावता का चहाला?"

"पुढे शिकू शकतील अशांना बोलावते," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या आयांशी बोलल्याशिवाय काही होत नाही, हे मला आता कळलंय." मग माझ्याकडे वळून त्या सहज म्हणाल्या, "आत चहा ओतून ठेवलाय. ट्रे घेऊन येतेस का जरा?"

मी उठायला लागले. आईने माझा दंडच धरला.

"बस गो तू." मग मॅडमना म्हणाली, "तिच्या शिकण्याचं बोलायचं आहे ना तुम्हाला? ते बोला तिच्याशी. चहा मी आणते."

आणि ती अनोळखी स्वयंपाकघरात गेली. मॅडम थोड्या गोंधळल्या, मग हसल्या आणि कोल्हापूरच्या प्रवेशाबद्दल, हॉस्टेलबद्दल सांगू लागल्या. माझं लक्ष मात्र स्वयंपाकघराकडे होतं. आईने ट्रे आणला, पहिला कप त्या मुलासमोर ठेवला आणि त्याचा चेहरा निरखत तशीच उभी राहिली. त्याने मोबाइलवरून नजर न काढता चहा संपवला आणि बाइकची किल्ली घेऊन निघून गेला.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "तेणां तुझ्याकडे बघूक पण नाय."

"मगे?"

"मगे बरांच झाला." पण जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "पोहे कित्याक केल्यान गो?"

"लोक खातत, आये."

"नारळ दिलंय आसतंय तर हो म्हटल्यासारख्यां झाला आसतां. म्हणान काढून ठेवलंय."

ओरोस मागे पडलं. आई स्थळासाठी नेतेय असं मला वाटलं, आणि ती तर त्याच शंकेने मला राखायला आली होती, हे मनात घोळत होतं. पण कोल्हापूरचा विषय काढायचा धीर होत नव्हता. शेवटी तिनेच विचारलं.

"त्या हॉस्टेलात चाय कोण आणून देता?"

"कोण नाय. आपली आपण जावन घेवची."

"कोणाक देवची नाय?"

"नाय."

आईने रिकाम्या पिशवीची घडी केली. "मगे जा," ती म्हणाली. "पण त्या बाईवर माझो अजून इस्वास नाय."