घारगे आणि एक वाक्य

सिंगापूरला क्लेमेंटी स्टेशनवर एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत चढले, तेव्हा एक काकू मांडीवर स्टीलचा डबा धरून काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, स्तोत्र असेल. शेजारी बसल्यावर कळलं, इंग्रजीची उजळणी चालली होती.

मी मराठी निघाले म्हणून त्यांना हायसं वाटलं. मुलगा पासिर रिसला राहतो, सून अमेरिकन. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकनांच्या आभाराच्या सणाला, तिचे आईवडील, मावश्या, भाऊ असा सगळा गोतावळा आलेला. घरचा ओव्हन, ओटा सगळं सणाच्या टर्की पक्ष्याने अडवलेलं, म्हणून काकू बहिणीकडे जाऊन भोपळ्याचे घारगे तळून आणत होत्या.

"त्यांच्याकडे आज भोपळ्याचं गोड लागतं. ते झालं," डब्याचं झाकण पुन्हा दाबत त्या म्हणाल्या. "पण जेवणाआधी प्रत्येकाने इंग्रजीत आभार मानायचे म्हणे. घरच्या माणसांना थँक यू म्हटलं की ती परकी वाटायला लागतात गं."

मी दिवसभर येईल त्याला थँक यू वाटत फिरते. आईला मात्र एकदाही म्हटलेलं आठवेना. मी कसला सल्ला देणार, कपाळ!

त्या पुन्हा इंग्रजी वाक्य पुटपुटू लागल्या. पासिर रिस आलं तशा डबा सावरत उठल्या.

"ठरलं. विहीणबाईंचा हात धरून सांगेन, 'तुम्ही तुमची लेक आम्हाला दिलीत.' त्याचं इंग्रजी मुलगा करेल."

दारं उघडली. गर्दीतून चालताना त्यांचे ओठ आता हलत नव्हते.